अण्णांना उचलण्याआधीचं केळं

जिममध्ये नाव घालायला गेले तेव्हा तिथल्या मुलीनं विचारलं, "म्याडम, किती कमी करायचंय?"

मी म्हटलं, "कमी काही करायचं नाही. मला एक माणूस उचलायचाय."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. पंचेचाळिशी गाठलेली मास्तरीण, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, साडीला खडूचे डाग, आणि म्हणे माणूस उचलायचाय. ती हसली आणि मला काट्यावर उभं केलं. मलाही तेव्हा हसायला हवं होतं, पण दिवसभर पाचवीचा वर्ग सांभाळून आल्यावर हसणं बिसणं काही उरत नाही.

उचलायचे होते ते माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. एसटीत ड्रायव्हर होते. अंगानं थोराड, उंचीला चांगले, आणि सगळी नोकरी बसून केलेली. रिटायर झाल्यावर शुगर वाढली, आणि पुढे एका सकाळी लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, म्हणजे पुरतं नाही, एखादा शब्द येतो, पण तो ओठांपर्यंत आणायला त्यांना घाटात गाडी चढवल्यासारखं जोर लावावा लागतो. सकाळी पलंगावरून चाकाच्या खुर्चीत आणि संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर, एवढं तरी त्यांना उचलावं लागतंच. आई नाही. भाऊ पुण्याला. माझं लग्न झालं होतं, टिकलं नाही, तो विषय इथे नको. उचलायला एक माणूस ठेवला होता, तो ऊसतोडीच्या दिवसांत टोळीबरोबर निघून गेला. दुसरा ठेवला तर अण्णांनी त्याला डाव्या हातानं ढकलून दिलं. दिवसा शेजारच्या मावशी येऊन बसतात, त्यांना जेवू घालतात, पण मावशी स्वतःच काडी झालेल्या. त्या काय उचलणार. राहिले मी.

जालन्याच्या डॉक्टरांनी उचलायची रीत दाखवली होती. अण्णांच्या कमरेला पट्टा बांधायचा, आपले गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकवायचे, पाठीनं ओढायचं नाही, मांड्यांनी उठायचं. मी मान हलवली आणि घरी येऊन पाठीनंच ओढत राहिले, कारण मांड्यांत जोर होता कुठे? पाठ धरली तेव्हा तेच डॉक्टर म्हणाले, मॅडम, तुम्ही आता वजनं उचलायला लागा, नाहीतर घरात दोन पेशंट होतील.

म्हणून मी जिमला लागले. बसस्टँडच्या रस्त्याला खाली खताचं दुकान आहे आणि वर जिम. शाळा दुसऱ्या गावाला; ती सुटली की काळीपिवळी जीपनं आमच्या घनसावंगीला यायचं, उतरायचं आणि सरळ जिना चढायचा. युरियाचा वास वरपर्यंत येतो. संध्याकाळचा एक तास बायकांचा. शिकवणारी मुलगी पोलीस भरतीत दोनदा मैदानी परीक्षा पास होऊन लेखीला राहिलेली, त्यामुळे तिचा जगावर बारीकसा राग होता आणि तो ती आमच्यावर काढायची. मला ती आवडायची.

बाकीच्या बायका वजन उतरवायला आलेल्या. कुणी भात सोडलेला, कुणी बटाटा, कुणी संध्याकाळचं जेवणच. सगळ्या उपाशीपोटी यायच्या, कारण रिकाम्या पोटी चरबी जल्दी वितळते असं त्यांच्यात पक्कं ठरलेलं. मीही उपाशीच यायचे, पण माझं कारण वेगळं. दुपारच्या सुट्टीत डबा खाल्लेला असायचा, त्याला चार तास होऊन गेलेले असायचे, आणि मध्ये काही खावं तर शाळेजवळ मिळतं काय, तर गोड चहा आणि बिस्किटं. आणि साखर मी खात नव्हते.

हे साखरेचं सांगावं लागेल. अण्णांच्या पायाचं एक बोट कापावं लागलं, त्या वर्षी त्यांनी घरातून साखर हद्दपार केली. गूळसुद्धा. आमच्याकडे सगळीकडे ऊस, दिवाळी उलटली की रस्त्यानं बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ऊस लादून चाललेले, आणि आमच्या घरी पाहुण्याला फिका चहा. लोक पहिला घोट घेऊन आमच्या तोंडाकडे बघायचे. अण्णा मोठ्या अभिमानानं म्हणायचे, "आमच्यात साखर न्हाई." मी तेव्हा त्यांना सोबत म्हणून म्हटलं, मीही सोडते. ते त्यांच्या मनाला इतकं भिडलं की विहारात चारचौघांत सांगत सुटले, "माझ्या पोरीनं माझ्यापायी साखर सोडली." आता इतकं सांगून ठेवल्यावर माणसानं खावी कशी? शुगर त्यांना, पथ्य मला, असं ते चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याची सवयही झाली होती.

जिममध्ये तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. वजनाचा दांडा खाली ठेवला आणि मी भिंतीला टेकून बसले. ती मुलगी आली.

"म्याडम, काय खाऊन आल्त्या?"

"डबा."

"कवा?"

"दुपारी."

"आन त्याच्यावर?"

"पाणी."

तिनं कपाळाला हात लावला. मग समोर मांडी घालून बसली आणि पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांगितलं. हातापायाच्या मांसात साखर साठलेली असते. वजन उचलताना तीच खर्ची पडते. ती नसली तर हात थरथरणार, चक्कर येणार, आणि मेहनत सगळी पाण्यात. उचलायच्या अर्धा-पाऊण तास आधी काहीतरी गोड नाहीतर पिठूळ पोटात पाहिजे. केळं खा, खजूर खा, मूठभर मुरमुरे आणि गुळाचा खडा खा. आणि झाल्यावर घरी गेलं की भात नाहीतर भाकर, पोटभर. "ह्या बाकीच्या बायांना मी सांगून राह्यले की साखर कमी करा," ती म्हणाली, "तुम्हाला सांगून राह्यले की खा. दोन्हीबी बराबर हाय. काम येगळं, खाणं येगळं."

हे बाकीच्यांनी ऐकलं. कितीतरी दिवस बटाट्याकडे नजरसुद्धा न टाकलेली एक बाई सायकल मारता मारता म्हणाली, "म्याडम, मलाबी द्या ना एक माणूस उचलायला."

सगळ्या हसल्या. मी मात्र त्या मुलीचं ऐकलं नाही. माझ्या जिभेला साखरेची चव आठवत होती, पण अण्णांचं ते विहारातलं सांगणं जास्त आठवत होतं. मी डब्यात एक भाकर वाढवली आणि तेवढ्यावर भागेल असं मनाला समजावलं.

भागलं नाही. ते कळायला भाद्रपदातली पौर्णिमा यावी लागली.

अण्णा दरवर्षी वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, पौर्णिमेला उपोसथ धरायचे. पांढरे कपडे, अष्टशील, आणि दुपारी बारानंतर अन्न नाही. एसटीच्या ड्युटीवर असतानाही त्यांनी तो चुकवला नाही, स्टेअरिंगवर पांढरा शर्ट घालून बसायचे. लकव्यानंतर गोळ्यांमुळे त्यांना उपाशी राहणं बंद झालं. आषाढी पौर्णिमेला ते सकाळपासून डाव्या हातानं शर्टाच्या कपाटाकडे दाखवत राहिले. मला बघवेना. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या जागी मी धरते." तेव्हा कुठे ते शांत झाले. आषाढ आणि श्रावण कसेबसे निभले, कारण त्या दोन्ही दिवशी जिमला सुट्टी होती. भाद्रपदातली पौर्णिमा आली जिमच्या वारी. बारा वाजायच्या आत डबा खाल्ला, त्यानंतर पाण्याचा घोट तेवढा. संध्याकाळी जिम चुकवावी असं मनात आलं होतं, पण त्या मुलीचा धाक होता. मी गेले, उचललं, हात थरथरत घरी आले, आणि आल्या आल्या अण्णांच्या कमरेला पट्टा बांधला.

मी उठायला लागले आणि मधेच माझ्या मांड्यांनी ऐकणं सोडलं. दुखलं नाही, काही नाही. नुसता जोर संपला. अण्णा खुर्ची आणि पलंग यांच्या मधल्या जागेत हळूहळू घसरत गेले आणि मी त्यांच्याबरोबर. आम्ही दोघं जमिनीवर समोरासमोर बसलो. त्यांना लागलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे, आणि मला उठायची इच्छासुद्धा होत नव्हती. इतका थकवा मला त्याआधी कधी आलेला आठवत नाही. मावशी ओरडत विहाराकडे धावल्या. वंदना नुकतीच संपलेली. पांढऱ्या कपड्यांतली चार माणसं आली आणि त्यांनी अण्णांना अलगद पलंगावर ठेवलं. जाताना एकानं माझ्या भावाला फोन लावला. चांगल्या मनानंच लावला असेल, पण मला त्याचा राग आला तो अजून गेला नाही.

भावाचा फोन लगेच आला. माझे हात अजून थरथरत होते, म्हणून फोन कानाला न धरता स्पीकरवर टाकला.

"आक्का, बस झालं आता. तुझ्यानं होत न्हाई. पुण्यात एक ठिकाण हाय, चोवीस तास माणसं असत्यात, डॉक्टर असतो. दिवाळीला येतो आन अण्णाला घेऊन जातो. खर्चा मी बघतो."

"तिथं त्यांचं बोलणं कुणाला कळणार रे? मला वर्षभरानं कळाया लागलं."

"आन पडले मंग? कंबर मोडली मंग?"

 मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांब. तू आल्यावर तुझ्या डोळ्यांदेखत मी एकटीनं उचलून दाखवते. जमलं तर न्यायचं न्हाई. न्हाई जमलं तर घेऊन जा, मी एक शब्द बोलणार न्हाई."

तो मग म्हणाला, "ठीक हाय."

अण्णा छताकडे बघत पडले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी पांघरूण नीट केलं आणि न जेवताच झोपले, उपोसथ होता म्हणून, आणि चूल पेटवायचं त्राणही नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी विहारातल्या एक वयस्क उपासिका चौकशीला आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तोंडावर हात धरला. "अगं बाई, बारानंतर अन्न न्हाई म्हणत्यात. गुळाचं पाणी चालतं की! फळाचा रस चालतो. भंतेजीबी घेत्यात. तुला कुणी सांगितलं नुसत्या पाण्यावर ऱ्हा म्हणून?" कुणीच सांगितलं नव्हतं. अण्णा शुगरमुळे नुसत्या पाण्यावर राहायचे, ते बघून मी तोच नियम धरला होता. धम्मानं जे सैल सोडलं होतं ते आम्ही बापलेक घट्ट धरून बसलो होतो. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

त्या दिवसापासून मी खायला लागले. शाळेजवळ जीप भरेपर्यंत थांबावं लागतं, तिथे एक केळीचा गाडा असतो. जीपमध्ये मांडीवर मांडी चेपून बसलेल्या माणसांत मी केळं सोलायचे. मास्तरीणबाई चालत्या गाडीत केळं खातात हे बघून माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया पदराआड हसायच्या. हसू देत. जिममध्ये पिशवीत गूळ-शेंगदाणे. दांडा उचलायचा, थांबायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा. कितीतरी वर्षांनी जिभेवर गूळ आला तेव्हा पहिल्यांदा तर तो मला फार उग्र वाटला. आणि मग घरी पोचायच्या आत दोन खजूर, कारण खरं वजन तर घरी उचलायचं होतं. जिममधली मुलगी खूश झाली. "आता कसं!" म्हणाली. हात थरथरायचे थांबले. माझी सकाळ सुधारली. पूर्वी उठतानाच संध्याकाळसारखं वाटायचं, ते थोडं कमी झालं.

केळ्याचं मी अण्णांना सांगितलं नव्हतं. घरी यायच्या आधी नळावर चूळ भरायचे. पण उचलताना माझं तोंड त्यांच्या कानाशी येतं. एका संध्याकाळी मी पट्टा आवळत असताना ते म्हणाले, "केळं."

मी थांबले. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "हो अण्णा. केळं. आणि गूळ. आणि खजूर. तुम्हाला उचलायला जोर पाहिजे ना, म्हणून खाऊन राह्यले. चुकलं का?"

त्यांनी डावा हात वर केला आणि बाजारात टरबूज दाबून बघावं तसा माझा दंड दाबून बघितला. मग म्हणाले, "खा, माय."

मला इतकं मोकळं वाटलं की त्यांना पलंगावर ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि तांदूळ धुता धुता रडले. त्या रात्री मी पहिल्यांदा माझ्यासाठी वेगळा भात टाकला, त्यावर वरण, आणि ताट घेऊन त्यांच्यासमोरच बसले. मी जेवत होते आणि ते बघत होते. आधी मी त्यांना भरवलं होतं. रोजच्यापेक्षा त्यांनी लवकर मान फिरवली. "पुरे." मी म्हटलं ठीक आहे, रात्रीचं हलकंच बरं.

पुढचे दिवस मला चांगले गेले असं मी म्हणेन. आश्विन पौर्णिमेला गुळाच्या पाण्यावर उपोसथ धरला आणि त्याच संध्याकाळी अण्णांना एका दमात उचललं. त्यांची सकाळची शुगर बघायचे तर आकडा दरवेळी खाली. इथले डॉक्टर म्हणाले, फार छान, असंच चालू द्या. मी स्वतःवर खूश होते. उचलताना आता धापही लागेना. पूर्वी दात आवळून उठायचे, आता उठता उठता बोलायचे. "चला ड्रायव्हरसाहेब, डबल बेल झाली." ते डाव्या बाजूनं हसायचे. एकदा तर मी त्यांना मधेच धरून उभी राहिले, नुसतं बघायला, किती वेळ धरता येतं ते. मला वाटलं, जमलं. दिवाळीला भाऊ येऊ दे खुशाल.

तिकडे जिममध्ये मात्र माझं अडलं होतं. सुरुवातीला दर आठवड्याला दांड्यावर थोडं थोडं वाढत गेलं, आणि मग एका जागी जे थांबलं ते हलेचना. त्याच्यावर अडीच किलो टाकलं की दांडा जमिनीला चिकटायचा. ती मुलगी वैतागायची.

"बराबर खाता ना?"

"खाते."

"झोपता?"

"कधी कधी."

"मंग का वाढून न्हाई राह्यलं?"

मी म्हणायचे, वय झालं असेल. घरी अण्णा दिवसेंदिवस सोपे होत चालले होते आणि इथे लोखंड होतं तिथेच होतं. पाचवीच्या पोरांना मी रोज वजाबाकी शिकवते. ही एक वजाबाकी मात्र मी केली नाही. खरं तर करायचीच नव्हती, असंही असेल.

भाऊ दिवाळीच्या आदल्या दिवशी गाडी करून आला. बरोबर ड्रायव्हर. मागच्या सीटवर अण्णांना आडवं झोपवता येईल अशी गादी टाकून आणलेली. ती गादी बघून मला भांडायची इच्छा झाली, पण मी चहा केला, आणि त्याच्यासाठी म्हणून त्यात माझ्या पिशवीतला गूळ टाकला. तो चहा पिऊन दचकला. "आपल्या घरात गोड?"

संध्याकाळी मी उचलून दाखवलं. पट्टा, गुडघे, एक, दोन, आणि अण्णा पलंगावर. भाऊ उभा राहून बघत होता. "आक्का, तू तर पैलवान झालीस की," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच कौतुक होतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं जिंकलो होतो. बऱ्याच महिन्यांनी मला त्या रात्री गाढ झोप लागली.

सकाळी भाऊ म्हणाला, "आज तू बस. मी करतो. एवढं दिवस तूच करून राह्यली, मला एकदा तरी करू दे." मी त्याला अण्णांच्या कमरेला पट्टा बांधून दिला. त्याला रीत माहीत नव्हती. ऑफिसात खुर्चीवर बसून पोट सुटलेला माणूस, आयुष्यात पिशवीपलीकडे काही उचललेलं नाही. त्यानं अण्णांना मिठी मारली, दम धरला आणि सगळा जोर लावून वर ओढलं. आणि भरलेला समजून रिकामा हंडा उचलावा तसा तो मागे गेला. कपाटाला धडकला म्हणून पडला नाही. अण्णा त्याच्या छातीशी होते, पाय अधांतरी. त्यानं त्यांना खुर्चीत ठेवलंच नाही. तसाच धरून उभा राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "अण्णा केवढेसे झालेत."

 त्यानं त्यांना परत पलंगावर ठेवलं आणि त्यांच्या सदऱ्याची बाही वर केली. मी रोज बघत होते तो हात. रोज बघितलं की दिसत नाही, हे मी आता म्हणू शकते.

"जेवत न्हाईत का?"

मी म्हटलं, "रात्री थोडंच जेवतात. पण दुपारी मावशी देतात ना पोटभर."

मावशी दारातच उभ्या होत्या, हातात अण्णांचा धुतलेला टॉवेल. त्या खाली बघायला लागल्या. भावानं पुन्हा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दुपारचं ताट तसंच माघारी देत्यात. दोन घास खात्यात गोळीपुरतं. मी म्हन्ले, तुमच्या पोरीला सांगते, तर मला हात जोडले. एका हातानंच जोडले बाई. तुमचा फोन झाल्ता ना, तवापासून. म्हन्ले, जड व्हतं. पोरीला जड व्हतं."

मला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा मला फक्त राग आला.  मी आयुष्यात पहिल्यांदा अण्णांवर ओरडले. "मी तिकडं जीपमध्ये बसून केळी खाऊन राह्यले, लोकांचं हसणं सोसून राह्यले, आन तुम्ही इथं ताट माघारी देता? मी कुणासाठी खाल्लं ते सगळं? शुगर कमी आली म्हणून मी खूश होऊन राह्यले, अण्णा! तुम्हाला काय झालं असतं म्हणजे? कुणी सांगितलं होतं तुम्हाला हलकं व्हायला?"

भाऊ म्हणाला, "आक्का, हळू."

मी हळू झाले नाही. ओरडता ओरडता दमले आणि पलंगाच्या कडेला बसले. अण्णांनी डाव्या हातानं पलंगाची कड धरली होती. त्यांचे ओठ हलत होते. आम्ही तिघंही थांबून राहिलो. शब्द यायला बराच वेळ लागला.

"हितंच," ते म्हणाले.

भाऊ उठून बाहेर गेला. गाडीच्या दाराचा आवाज आला, मग तो ड्रायव्हरशी काहीतरी बोलत होता ते ऐकू आलं, आणि मग गाडी सुरू होऊन गल्लीतून निघून गेली. तो परत आत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर मागच्या सीटवरची गादी होती. ती त्यानं भिंतीशी टाकली आणि म्हणाला, "मी सुट्टीभर हाय. उचलायचं मला शिकव."

मी आत गेले. इथल्या डॉक्टरांना फोन केला, झालं ते सगळं सांगितलं, त्यांची बोलणी खाल्ली. गोळी कमी करायला सांगितली त्यांनी, आणि जेवण वाढवायला, हळूहळू, एकदम नाही. जिम बंद करावी का, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, आता तर जास्तच लागणार. ते लोखंड अडलंय तिथून पुढे न्यावं लागणार, कारण इकडचं वजन वाढायला पाहिजे. हे आठवूनच माझ्या खांद्यांना थकवा आला. फरशीवर अंग टाकून द्यावं आणि कुणी हाक मारू नये असं वाटलं.

पण मी ज्वारीची भाकर टाकली, ती वरणात चुरली आणि वाटी घेऊन अण्णांजवळ गेले. त्यांनी तोंड मिटून घेतलं. नेहमीचंच. एवढे दिवस मी त्याला भूक नसणं म्हणत आले होते.

"खा अण्णा," मी म्हटलं. "कितीबी जड व्हा. मी उचलीन."

मला उचलता येईल की नाही हे मला अजिबात माहीत नव्हतं. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं आणि मी पहिला घास भरवला.